झोपलेल्या वायरलेस नोडला जागं करण्याचं पेटंट: प्रायर आर्ट (पेटंटच्या आधीचं उपलब्ध साहित्य) कुठे शोधायचं आणि कसं जुळवायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. पाण्याचे व्हॉल्व्ह चालवणारे तुमचे नोड (छोटी रेडिओ उपकरणं) बॅटरीवर आहेत. ते बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि दर सेकंदाला क्षणभर रेडिओ सुरू करून कुणी आपल्याला बोलावतंय का ते बघतात. अमेरिकेतल्या ग्राहकानं तिथल्या एका पेटंटचा नंबर तुमच्याकडे पाठवला आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, ऑक्टोबर २००६ मध्ये पूर्ण अर्ज. तुमचं म्हणणं असं की वाय-फायचा पॉवर सेव्ह मोड १९९७ चा आहे, वेक-ऑन-लॅन (झोपलेला संगणक नेटवर्कवरून जागा करण्याची सोय) त्याहून जुनं आहे, मग हे पेटंट दिलंच कसं?

कल्पना जुनी आहे हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण पेटंट रद्द होतं ते क्लेमच्या, म्हणजे नेमका हक्क कशावर ते सांगणाऱ्या वाक्यांच्या, शब्दांवर. शीर्षक, सारांश, आकृत्या यांच्यावरून कुणी काही ठरवत नाही. क्लेममधला प्रत्येक घटक, ठरावीक तारखेच्या आधी, सिद्ध करता येईल अशा कागदात दाखवावा लागतो. या विषयात भरपूर साहित्य हाती लागतं आणि त्यातलं बरंचसं एका घटकानं किंवा काही आठवड्यांनी कमी पडतं. म्हणून कागद गोळा करण्याआधी क्लेम फोडून बघू.

तुम्ही दिलेल्या पहिल्या क्लेमचे पाच तुकडे होतात. पहिला: नोड ठरावीक काळानं थोडा वेळ जागा होऊन चॅनेल तपासतो. दुसरा: पाठवणारा जो जागवणारा सिग्नल पाठवतो, त्याची लांबी नोडच्या झोपेच्या काळाइतकी किंवा त्याहून जास्त असते. तिसरा: त्या सिग्नलच्या आतच ज्याला जागं करायचं त्याचा पत्ता पुन्हा पुन्हा येतो. चौथा: पत्ता आपला नसेल तर नोड सिग्नल संपायची वाट न बघता परत झोपतो. पाचवा: पत्ता जुळला तर तो जागा राहून त्याच चॅनेलवर पोच देतो आणि डेटा घेतो. पुढे मी यांना तपासणी, लांब हाक, हाकेतला पत्ता, लवकर झोप आणि पोच असं म्हणेन.

यात वजनदार घटक कोणते ते बॅटरीच्या हिशोबावरून कळतं. ऐकताना रेडिओ सुमारे २० मिलिॲम्प घेतो असं धरा. सतत सुरू ठेवला तर २४०० मिलिॲम्प-तासांची बॅटरी १२० तासांत, म्हणजे ५ दिवसांत संपते. दर सेकंदाला ३ मिलिसेकंदच ऐकलं तर सरासरी प्रवाह ६० मायक्रोॲम्पवर येतो आणि तीच बॅटरी कागदावर ४०,००० तास, म्हणजे साडेचार वर्षं पुरते (झोपेतला प्रवाह आणि बॅटरीची स्वतःची गळती सोडून). म्हणून तपासणी आणि लांब हाक या दोन गोष्टी ज्यानं कुणी बॅटरीवरचा रिसीव्हर बनवला, त्याला सुचल्याच. पण हाकेत पत्ता नसेल तर शेजारचा प्रत्येक नोड ती हाक संपेपर्यंत जागा राहतो. एक सेकंदाच्या हाकेला सरासरी अर्धा सेकंद, म्हणजे १० मिलिॲम्प-सेकंद वाया. ६० मायक्रोॲम्पच्या हिशोबात ही पावणेतीन मिनिटांची शिदोरी झाली, आणि तीही दुसऱ्याच्या निरोपापायी. या पेटंटचा जीव हाकेतला पत्ता आणि लवकर झोप या दोन घटकांत आहे. शोध त्यांच्यासाठी करायचा, उरलेल्या तिघांचे पुरावे वाटेत सापडतात.

आता तारखा. अर्ज १६ मार्च २०१३ च्या आधीचा असल्यामुळे त्याला अमेरिकेचा जुना कायदा लागू होतो. त्यात दोन वेगवेगळ्या रेषा आहेत. अमेरिकेतल्या अर्जाच्या तारखेच्या एक वर्षाहून आधी छापून आलेला कागद हा सर्वांत भक्कम, त्याला संशोधकाकडे तारखेचं उत्तर नसतं. ऑक्टोबर २००५ ची प्रोव्हिजनल धरली तर ही रेषा ऑक्टोबर २००४ ला येते. त्यानंतरचा, पण ऑक्टोबर २००५ च्या आधीचा कागदही चालतो. मात्र 'आम्ही त्याही आधी हे शोधलं होतं' असं प्रतिज्ञापत्र, वहीतल्या नोंदी जोडून, देऊन पेटंटधारक तो बाजूला सारू शकतो. भारतातून काम करणारे बरेचजण ही दुसरी अडचण लक्षात घेत नाहीत, कारण आपल्या कायद्यात तशी सोय नाही.

या दोन रेषा डोक्यात ठेवून साहित्याकडे बघू.

वाय-फायचं ८०२.११-१९९७ आधी बाजूला ठेवतो, कारण प्रत्येकजण तिथूनच सुरुवात करतो. त्यात ॲक्सेस पॉइंट झोपलेल्या स्टेशनसाठी फ्रेम साठवतो, बीकनमधल्या (ठरावीक वेळानं सगळ्यांसाठी पाठवलेल्या छोट्या फ्रेममधल्या) टिम या नकाशात त्या स्टेशनचा बिट उभा करतो, स्टेशन आपल्या लिसन इंटरव्हलनुसार बीकनला उठतं आणि पीएस-पोल पाठवून फ्रेम मागून घेतं. बीकन साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. इथे दोघांची घड्याळं जुळलेली आहेत. बीकन कधी येणार हे झोपणाऱ्याला माहीत आहे, त्यामुळे लांब हाकेची गरजच नाही. तपासणी हा घटक ओढूनताणून मिळेल, लांब हाक नाही. शिवाय परीक्षकानं हे स्टँडर्ड बहुधा पाहिलेलं असतंच. जीएसएममधली पेजिंगची पद्धतही याच कारणानं बाजूला पडते.

वेक-ऑन-लॅनचा मॅजिक पॅकेट एएमडीनं १९९५ मध्ये जाहीर केला. सहा बाइट एफएफ, मग नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता १६ वेळा, एकूण १०२ बाइट. जागवणाऱ्या निरोपात पत्ता पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण तो तारेवरचा आहे आणि नेटवर्क कार्डाचा ऐकणारा भाग सतत वीज घेत असतो, अधूनमधून झोपत नाही. पत्त्याची पुनरावृत्तीही वेगळ्या कारणासाठी आहे: साध्या हार्डवेअरला नमुना चुकून दुसऱ्याच डेटाशी जुळू नये म्हणून. पेटंटधारकाचा वकील नेमकं हेच बोलेल. पूरक कागद म्हणून ठेवा, पण त्याच्यावर इमारत उभारू नका.

पेजरकडे मात्र लोक पुरेसं लक्ष देत नाहीत. पॉकसॅग हा पेजरचा कोड १९८२ मध्ये सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय रेडिओ समितीच्या ५८४ क्रमांकाच्या शिफारशीत आला. त्याची रचना बघा. एका बॅचमध्ये एक सिंक शब्द आणि दोन-दोन शब्दांच्या आठ फ्रेम, म्हणजे ३२ बिटांचे १७ शब्द, एकूण ५४४ बिट. निरोपाआधीचा प्रिॲम्बल किमान ५७६ बिटांचा, म्हणजे एक बॅच अधिक एक शब्द. ५१२ बिट प्रतिसेकंद वेगानं तो १.१२५ सेकंद चालतो. हाक झोपेच्या काळापेक्षा लांब ठेवण्याचा नियम इथे सरळ आकड्यांत दिसतो: बॅचच्या अंतरानं एकदा डोकावणाऱ्या पेजरला प्रिॲम्बल सापडतोच. पत्त्याचे शेवटचे तीन बिट पेजरची फ्रेम ठरवतात आणि बाकीच्या फ्रेमच्या वेळी तो झोपू शकतो. तपासणी आणि लांब हाक यांच्यासाठी यापेक्षा जुना आणि स्वच्छ कागद मिळणं अवघड. मात्र प्रिॲम्बलमध्ये पत्ता नाही, तो नंतर येतो. आणि साधा पेजर एकतर्फी असल्यानं पोच नाही.

आता मुख्य भाग, सेन्सर नेटवर्कचं २००२ ते २००६ चं साहित्य. पहिला कागद एल-होइदी यांचा, २००२ च्या आयसीसी या दळणवळण तंत्रज्ञानाच्या परिषदेतला, प्रिॲम्बल सॅम्पलिंगसह अलोहा (हवं तेव्हा पाठवायची साधी रेडिओ पद्धत). नोड ठरावीक काळानं चॅनेल तपासतो, पाठवणारा तपासणीच्या काळाइतका लांब प्रिॲम्बल पाठवतो, मग त्याच चॅनेलवर डेटा आणि पोच. तपासणी, लांब हाक, पोच हे तीन घटक एकाच कागदात मिळाले. पत्ता प्रिॲम्बल संपल्यावर हेडरमध्ये येतो. म्हणजे जे दोन घटक महत्त्वाचे, तेच नेमके इथे नाहीत.

दुसरा कागद स्टेम या पद्धतीवरचा; शुर्गर्स, त्सियात्सिस आणि श्रीवास्तव यांचा, तोही २००२ चा. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात नुसता टोन पाठवून परिसरातल्या सगळ्यांना उठवतात. दुसऱ्या प्रकारात बीकनची मालिका पाठवतात आणि प्रत्येक बीकनमध्ये पाठवणाऱ्याचा आणि ज्याला उठवायचं त्याचा पत्ता असतो. ऐकणाऱ्याला एक बीकन पूर्ण मिळाला की तो उत्तर देतो. हाकेतला पत्ता इथे पूर्ण, लवकर झोपही जवळजवळ स्पष्ट. अडचण अशी की स्टेममध्ये जागवण्यासाठी वेगळा रेडिओ, वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर आहे, आणि जागवणारे सिग्नल डेटाला अडथळा करू नयेत म्हणून असं केलं हे लेखकांनीच लिहिलं आहे. तुमच्या क्लेममधल्या 'त्याच चॅनेलवर' या शब्दांचं महत्त्व इथे कळतं. पेटंटधारक म्हणेल, स्टेम तर एकाच चॅनेलपासून दूर जायला शिकवतो.

त्याला उत्तर तिसऱ्या कागदात आहे. लिन, रॅबी आणि वोलिश यांचा टायसर, जून २००४, पॅरिसची आयसीसी परिषद. पाठवणारा आरटीएस ('पाठवू का?') फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवतो, प्रत्येकीनंतर थोडा वेळ ऐकतो. झोपलेला नोड आपल्या वेळेला उठला की आरटीएस ओळखून सीटीएस ('पाठव') देतो आणि मग डेटा येतो. वेगळा जागवणारा रेडिओ नाही. ही तारीख ऑक्टोबर २००४ च्या भक्कम रेषेच्याही आधीची आहे. सप्टेंबर २००४ मध्ये व्हिएन्नात माह्लक्नेख्ट आणि ब्योक यांनी मांडलेला सीएसएमए-एमपीएस याच जातीचा आणि तोही रेषेच्या आत. दोन्ही मूळ स्वरूपात मिळवा. पत्ता कोणत्या फील्डमध्ये आहे आणि न जुळल्यास नोड काय करतो, ही वाक्यं पानासकट टिपून ठेवा.

मग एकट्या टायसरवरच काम का भागवू नये? कारण लांब हाक. टायसरमध्ये उत्तर मिळालं की मालिका थांबते, त्यामुळे ती झोपेच्या काळाइतकी लांब असतेच असं नाही. तुम्ही म्हणाल, ऐकणारा कधी उठेल हे माहीत नसताना किमान तेवढा काळ पाठवत राहण्याची तयारी हवीच. तर्क योग्य आहे, पण अमेरिकेत एखादा घटक कागदात न लिहिताही 'अंगभूत' आहे असं म्हणायचं तर तो अपरिहार्य असावा लागतो, नुसता संभाव्य असून भागत नाही. क्लेममध्ये 'प्रत्यक्षात तेवढा वेळ पाठवतो' असं असेल तर ही पट्टी ओलांडणं कठीण. 'उत्तर न आल्यास तेवढा वेळ' असं असेल तर सोपं. तुम्ही क्लेमचा गोषवारा पाठवला आहे, त्यातून हे ठरत नाही. मूळ इंग्रजी वाक्य स्वल्पविरामासकट बघावं लागेल.

दोन प्रसिद्ध कागद मी मुद्दाम मागे ठेवले. पहिला बी-मॅक: पोलास्त्रे, हिल आणि कलर यांचा, नोव्हेंबर २००४ च्या सेन्सिस परिषदेतला. शोधात सर्वांत आधी हाच सापडतो. पण तो भक्कम रेषेच्या काही आठवडे पुढे पडतो, म्हणजे प्रतिज्ञापत्रानं बाजूला जाऊ शकतो. उपाय त्याच्याच संदर्भसूचीत आहे: त्याची लो पॉवर लिसनिंगची मुळं हिल आणि कलर यांच्या मायका प्लॅटफॉर्मवरच्या २००२ च्या लेखात आणि एल-होइदी यांच्या कामात जातात. उशिराचा कागद सापडला की त्याच्या संदर्भांतून मागे चालायचं, ही सवय फार उपयोगी पडते. दुसरा एक्स-मॅक, नोव्हेंबर २००६. लहान लहान प्रिॲम्बल, प्रत्येकात पत्ता, मध्ये पोचेसाठी जागा: तुमच्या क्लेमशी तो जवळजवळ शब्दशः जुळतो. आणि प्रायर आर्ट म्हणून त्याचा उपयोग शून्य, कारण तो पेटंटच्या दोन्ही अर्जांनंतरचा आहे. जुळणी सुंदर दिसली तरी आधी तारीख बघायची. एक्स-मॅकचा फायदा एवढाच की त्याचे लेखक आधीच्या कामाची तुलना करतात, त्यातून जुन्या कागदांचा माग लागतो.

आतापर्यंतच्या हिशोबानं माझी मांडणी अशी असेल: एल-होइदी पाया, स्टेमचा बीकनवाला प्रकार हाकेतल्या पत्त्यासाठी आणि लवकर झोपेसाठी, टायसर हा एकाच चॅनेलवर हे जमतं याचा पुरावा. टायसर एकटा, ही दुसरी स्वतंत्र बाजू. पॉकसॅग पार्श्वभूमीला.

दोन-तीन कागद जोडले की 'का जोडायचे?' याचं उत्तर द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर अमेरिकेत ही अट थोडी सैल झाली, तरी कारण दाखवावंच लागतं. ते कारण २००२ च्या इन्फोकॉम परिषदेतल्या एस-मॅकच्या लेखात तयार आहे. ये, हायडेमान आणि एस्ट्रिन यांनी ऊर्जा वाया जाण्याची चार कारणं मोजली आहेत: टक्कर, दुसऱ्यासाठीचं ऐकणं, नियंत्रण पॅकेटांचा बोजा आणि रिकामं ऐकणं. दुसऱ्यासाठीचं ऐकणं हा खर्च आहे हे २००२ मध्ये छापून आलेलं असताना, लांब प्रिॲम्बलमुळे तोच खर्च वाढतोय हे दिसल्यावर, पत्ता प्रिॲम्बलमध्येच आणायचा हे त्या काळच्या सामान्य अभियंत्याला सुचलं असतं. हा युक्तिवाद मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत पक्का वाटतो. वरचा पावणेतीन मिनिटांचा हिशोब तज्ज्ञाच्या प्रतिज्ञापत्रात त्या काळच्या चिपचे आकडे घालून द्या.

शोध कसा घ्यायचा, तेही सांगतो. या विषयात शब्दांमुळे माणूस फसतो, कारण प्रत्येक क्षेत्रानं याच गोष्टीला वेगळं नाव दिलं. पेजरवाले 'बॅटरी सेव्हर' म्हणतात, मोबाइलवाले 'डिसकंटिन्युअस रिसेप्शन', सेन्सरवाले 'प्रिॲम्बल सॅम्पलिंग', 'लो पॉवर लिसनिंग', 'सायकल्ड रिसीव्हर' किंवा 'राँदेव्हू', चिपवाले 'वेक-ऑन-रेडिओ', झेड-वेव्हवाले 'बीम'. 'वेक-अप' या एका शब्दावर शोध घेतलात तर निम्मं साहित्य सुटतं. म्हणून शब्दांबरोबर वर्गीकरणही वापरा. सीपीसी या पेटंटांच्या सध्याच्या वर्गीकरणात एच०४डब्ल्यू ५२/०२ हा वायरलेसमधल्या वीजबचतीचा गट. त्यातला ५२/०२२५ बाहेरच्या घटनेवर, म्हणजे सिग्नल आहे का यावर नजर ठेवणाऱ्यांचा आणि ५२/०२२९ त्यातल्या हव्या असलेल्या सिग्नलचा. जुन्या रिसीव्हरची बॅटरी-बचत एच०४बी १/१६१५ मध्ये सापडते, वेक-ऑन-लॅनसारख्या गोष्टी एच०४एल १२/१२ मध्ये. अमेरिकेच्या जुन्या वर्गीकरणात ३७०/३११ आणि ४५५/५७४ बघा, कारण जुन्या फाइलींत परीक्षकानं शोधलेले वर्ग त्याच आकड्यांत नोंदलेले असतात.

तारखेची गाळणी लावताना प्रकाशनाची तारीख वापरू नका. ऑक्टोबर २००५ च्या आधी अर्ज केलेलं, पण २००६ किंवा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं दुसऱ्याचं अमेरिकन पेटंटही जुन्या कायद्यात प्रायर आर्ट ठरतं. गूगल पेटंट्समध्ये 'बिफोर प्रायॉरिटी' ही गाळणी लावा. युरोपात या पेटंटचं भावंड (त्याच शोधाचा तिथला अर्ज) असेल तर त्याचा शोध-अहवाल सर्वांत आधी उघडा: एक्स म्हणजे एकटाच नावीन्य किंवा इन्व्हेंटिव्ह स्टेप मारणारा, वाय म्हणजे दुसऱ्याबरोबर जोडून मारणारा, ए म्हणजे पार्श्वभूमी. अनेकदा अर्धं काम युरोपातल्या परीक्षकानं करून ठेवलेलं असतं. चिपचे डेटाशीट आणि ॲप्लिकेशन नोट शोधताना कंपनीचं त्या काळचं नाव वापरा. चिपकॉन २००६ च्या सुरुवातीला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेली, त्यामुळे सीसी१००० किंवा सीसी११०० ची जुनी आवृत्ती नव्या नावाखाली सापडत नाही. सापडलेल्या पीडीएफवरची आवृत्ती नंतरची असू शकते. शेवटच्या पानांवरचा आवृत्ती-इतिहास बघून हवा तो परिच्छेद कधी घातला गेला ते तपासा.

यानंतरचं काम पुराव्याचं आहे आणि इथे चांगली प्रकरणं ढासळतात. कागदावर २००४ छापलंय एवढ्यानं तो २००४ मध्ये लोकांना उपलब्ध होता हे सिद्ध होत नाही. परिषदेचा लेख असेल तर ग्रंथालयाचा शिक्का असलेली प्रत आणि ग्रंथपालाचं निवेदन घ्या. आयईईई एक्सप्लोरवर परिषदेची तारीख आणि तिथे चढवल्याची तारीख वेगळ्या दिसतात, त्यातली दुसरी कित्येकदा बरीच नंतरची असते. वेबपानासाठी इंटरनेट अर्काइव्हच्या कार्यालयाकडून प्रतिज्ञापत्र मिळतं, नुसता स्क्रीनशॉट चालवू नका. विद्यापीठाचा प्रबंध ग्रंथालयाच्या सूचीत नोंदलेला असेल तर एक प्रतसुद्धा पुरते, हे १९८६ च्या 'इन रे हॉल' निकालानं ठरलं. उलट विद्यार्थ्याच्या वैयक्तिक पानावर ठेवलेला, कुठेही सूचीत नसलेला अहवाल २०१६ च्या 'ब्लू कॅलिप्सो' निकालात नाकारला गेला. ८०२.११ च्या कामगटातली सादरीकरणं सार्वजनिक असतात आणि फार कामाची, पण मसुदे केवळ सदस्यांना मिळत होते का ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी मोफत बघता येतात. पहिली, पेटंट जिवंत आहे का. पूर्ण अर्ज ऑक्टोबर २००६ चा, म्हणजे २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२६ ला संपते, त्यात कार्यालयाच्या उशिरापोटी दिलेले जादा दिवस असतील तर ते मिळवा. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी देखभाल शुल्क भरावं लागतं, ते चुकलं असेल तर पेटंट आधीच संपलेलं असू शकतं. मुदत संपली तरी मागच्या ६ वर्षांच्या विक्रीची भरपाई मागता येते, हे ग्राहकाच्या वकिलाला माहीत असणारच.

दुसरी, फाइल. पेटंट सेंटर या अमेरिकन पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर परीक्षकाचा पूर्ण पत्रव्यवहार उघडा. कोणत्या हरकतीनंतर कोणते शब्द क्लेममध्ये घातले आणि मंजुरीचं कारण काय दिलं ते वाचा. 'त्याच चॅनेलवर' हे शब्द स्टेम टाळण्यासाठीच घातले असतील, तर स्टेम पुन्हा मुख्य म्हणून नेण्यात अर्थ नाही, कारण आधी तपासलेला कागद पेटंट कार्यालयाचं बोर्ड नाकारू शकतं. मग टायसर पुढे आणायचा. त्याचबरोबर प्रोव्हिजनलची प्रत मिळवून त्यात हाकेतला पत्ता खरंच वर्णन केलाय का ते बघा. घाईत केलेल्या प्रोव्हिजनलमध्ये असे तपशील नसणं नेहमीचं. तो घटक तिथे नसेल तर क्लेमची तारीख ऑक्टोबर २००६ वर सरकते, भक्कम रेषा ऑक्टोबर २००५ होते आणि बी-मॅक पूर्ण ताकदीनं वापरता येतो. या एका तपासणीनं सगळी मांडणी बदलू शकते, म्हणून मी ती सर्वांत आधी करतो.

पुढचा मार्ग तुमच्या व्यवसायावर अवलंबून आहे. इंटर पार्टेस रिव्ह्यू, म्हणजे त्या बोर्डासमोर पेटंटला दिलेलं आव्हान, यात फक्त पेटंट आणि छापील साहित्य चालतं, जुना पेजर टेबलावर ठेवून उपयोग नाही. केवळ सरकारी फीच ४० हजार डॉलरच्या वर जाते, वकील आणि तज्ज्ञ वेगळे. खटल्याची नोटीस बजावल्यापासून एक वर्षात तो दाखल करावा लागतो आणि हरलात तर मांडलेले किंवा मांडता आले असते असे मुद्दे पुन्हा न्यायालयात घेता येत नाहीत. एक्स पार्टे रीएक्झॅमिनेशन (कार्यालयाकडून फेरतपासणी) स्वस्त, पण दाखल केल्यावर तुमचा सहभाग जवळजवळ संपतो. व्हॉल्व्हच्या काही हजार नगांसाठी यातलं काहीच परवडणार नाही, असं मला वाटतं.

तुमच्या जागी मी फर्मवेअरकडे बघेन. व्हॉल्व्हला आज्ञा पोचायला दोन-तीन सेकंद उशीर चालत असेल, तर झोपणाऱ्या नोडनं स्वतःच ठरावीक वेळेला गेटवेला (नोडना आज्ञा पाठवणाऱ्या मध्यवर्ती उपकरणाला) 'माझ्यासाठी काही आहे का' असं विचारावं. ८०२.१५.४ या कमी विजेच्या वायरलेस जाळ्यांच्या २००३ च्या स्टँडर्डमध्ये ही पद्धत आहे. किंवा टायसरच्याच लेखातली उलटी पद्धत, रायसर: उठलेला नोड छोटा बीकन पाठवतो आणि पाठवणारा तो ऐकून लगेच डेटा देतो. दोन्हींत लांब हाक नाही, म्हणून हा क्लेम लागू होत नाही. तुमचा गेटवे विजेवर चालतो, त्यामुळे त्याला सतत ऐकत राहण्याचा त्रास नाही. नोडच्या बाजूला दर वेळी बोलण्याचा खर्च वाढेल. सेकंदाला एकदा ऐवजी तीन सेकंदांना एकदा विचारलं तर तो बहुधा आटोक्यात राहील, पण तुमच्या रेडिओचे आकडे घालून मोजून बघा.

भारताबद्दलही विचारलंय. अमेरिकन पेटंट इथल्या विक्रीला लागू नाही, पण त्याचं भारतीय भावंड आहे का ते एस्पेसनेट या युरोपीय पेटंट-संग्रहातल्या फॅमिलीच्या यादीत आणि आपल्या पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोधयंत्रावर बघा. अर्ज प्रलंबित असेल तर कलम २५(१) खाली कुणीही विरोध करू शकतो. मंजूर झाला असेल तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात कलम २५(२) खाली, आणि त्यानंतर कलम ६४ खाली उच्च न्यायालयात. खटला झालाच तर हीच कारणं कलम १०७ प्रमाणे बचावातही घेता येतात. कलम ६४ मध्ये सार्वजनिक वापर भारतातला लागतो, प्रकाशन मात्र जगात कुठलंही चालतं. म्हणजे पॅरिसमधला टायसरचा लेख इथेही तितकाच उपयोगी.

आणि एक काळजी आजपासूनच घ्या. 'आपण यांचं पेटंट तोडतोय' असली वाक्यं सहकाऱ्यांच्या ईमेलमध्ये किंवा ग्रुपवर लिहू नका. अमेरिकेत खटला झाला तर ते सगळं मागवलं जातं आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचा पुरावा म्हणून वापरलं जातं. क्लेम चार्ट (क्लेमचा प्रत्येक घटक जुन्या कागदाशी जुळवणारा तक्ता) तिथल्या वकिलाच्या सूचनेवरून आणि त्याच्याच नावे तयार करा. त्याला पाठवायच्या पहिल्या पाकिटात तीन गोष्टी असू द्या: मूळ क्लेमचं इंग्रजी, प्रोव्हिजनलची प्रत, आणि टायसरचा पूर्ण लेख.